पहिलीतली तिसरी भाषा

२०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने एक गोष्ट एकमुखाने सांगितली : सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे टाकू नका. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो शब्द बदलून पुन्हा आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या अडीच महिन्यांत शिक्षक, पालक, भाषातज्ज्ञ, लेखक सगळे एकच सांगत होते. मूल आधी घरच्या भाषेत पक्के होऊ द्या, वाचन-लेखन त्या भाषेत रुजू द्या, मग दुसरी-तिसरी भाषा ते सहज शिकेल. हे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. म्हणूनच ते वर्धा जिल्ह्यातल्या कोलाम पोडापर्यंत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीपर्यंत, न्यायला हवे. तिथल्या मुलाला पहिलीच्या पुस्तकातली प्रमाण मराठी हीच तिसरी भाषा आहे. घरात कोलामी, गावात वऱ्हाडी आणि फळ्यावर पुस्तकी मराठी. हिंदीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचा पहिला वर्ग तीन भाषांचा झालेला असतो आणि त्यातल्या पहिल्या भाषेची शाळेला दखल नसते.

वर्धा म्हटले की आदिवासी जिल्हा असे कुणाच्या मनात येत नाही. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार ही नावे आधी येतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होते. नऊ माणसांमागे एक आदिवासी, ही संख्या लहान नाही. गोंड, परधान, कोलाम, फासेपारधी अशा जमाती आर्वी, कारंजा, सेलू, समुद्रपूर, हिंगणघाट अशा तालुक्यांत विखुरलेल्या आहेत. पण शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती जिल्ह्यांचे काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत, वर्ध्याचा एकही नाही. त्यामुळे इथे पेसा कायदा लागू नाही. अनुसूचित क्षेत्रात शिक्षकासह काही पदे स्थानिक आदिवासींमधून भरावीत, अशी राज्यपालांची २०१४ची अधिसूचना आहे, तिचाही इथे उपयोग नाही. विखुरलेला आदिवासी कायद्याच्या नकाशावर दिसत नाही आणि त्याच्या मुलाची भाषा तर त्याहून दिसत नाही.

चारही जमातींची भाषिक परिस्थिती वेगवेगळी आहे, सगळ्यांना ‘आदिवासी मुले’ या एका शब्दात गुंडाळले की पहिली चूक तिथेच होते. गोंडांचा या भूमीशी संबंध फार जुना. हा मुलूख देवगडच्या गोंड राज्याच्या छायेत होता. तरी वर्ध्यातल्या पुष्कळ गोंड आणि परधान घरांतून गोंडी केव्हाच ओसरली आणि तिथल्या मुलाची घरची भाषा आज वऱ्हाडी आहे. ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या या मुलाला पुस्तकातले ‘मला’, ‘तुला’ शिकायचे असते. हा बदल लहान वाटतो. पण घरचा प्रत्येक शब्द गावंढळ ठरू लागला की तेही मूल गप्प होते, आणि गोंड असण्याची लाज त्या गप्पपणात आपोआप मिसळते. फासेपारध्यांची बोली गुजराती-भिली वळणाची, इंडो-आर्य कुळातली. तिच्याबरोबर गुन्हेगार ठरवल्याचा इतिहास येतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२मध्ये कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. पारधी मूल वर्गात आपल्या बोलीत भावंडाशी बोलते तेव्हा बाकीच्या मुलांना फक्त परकी भाषा ऐकू येत नाही, घरी मोठ्यांकडून ऐकलेला संशयही जागा होतो. त्या मुलाला हे फार लवकर कळते.

आणि कोलाम. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदल्या आहेत त्यांतली ही एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. २०११मध्ये राज्यात कोलामांची संख्या १ लाख ९४ हजारांच्या आसपास होती. बहुतेक यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आणि वर्धा जिल्ह्यांत. देशभरात कोलामी ही मातृभाषा सांगणारे मात्र १ लाख २८ हजार, आणि त्यात तेलंगणातले कोलामही आले. दोन आकडे शेजारी ठेवले की भाषा किती वेगाने हातातून सुटते आहे याचा अंदाज येतो.

कोलामी मराठीची बोली नाही. ती मध्य द्रविड शाखेतली स्वतंत्र भाषा आहे, नाईकी आणि परजी तिच्या बहिणी. पाण्याला ईर, घराला एल्ला. तीन-चार मोजताना मूंदिंग, नालिंग. तेलुगू जाणणाऱ्याला या शब्दांत ओळखीची खूण सापडेल, मराठी शिक्षकाला नाही. शब्द तर पाठ होतात, खरी अडचण रचनेत असते. कोलामीत माणसांपैकी पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळे, म्हणजे बाई, गाय, झाड, दगड, दुसऱ्या बाजूला, अशी लिंगव्यवस्था आहे. मराठीत तीन लिंगे, आणि तीही क्रियापदाला, विशेषणाला, विभक्तीला चिकटून येणारी. कोलाम मुलाने ‘बहीण आलं’ किंवा ‘गाय आलं’ म्हटले तर वर्गात हशा पिकतो आणि वहीवर लाल रेघ पडते. ते मूल नियम मोडत नसते. आईकडून शिकलेला नियम ते नव्या भाषेत लावून पाहत असते आणि हे बुद्धीचे लक्षण आहे. तीच गोष्ट ख, घ, भ या महाप्राण वर्णांची. मूळ कोलामी शब्दांत ते नाहीत, म्हणून ‘घर’चे ‘गर’ होते. हे ज्याला माहीत आहे तो शिक्षक मुलाला आधी ऐकण्याचा सराव देईल, ज्याला माहीत नाही तो त्याला ‘कच्चा’ ठरवेल. दोघांच्या मनात मुलाबद्दल माया सारखीच असू शकते.

उलट दोन भाषांना जोडणारे धागेही आहेत. समोरच्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद हिंदीत स्पष्ट नाही, मराठीत आहे आणि कोलामीतही आहे. शतकानुशतके शेजारी नांदलेल्या भाषांनी एकमेकींना काय दिले याचा हा पुरावा पहिलीच्या वर्गात शिकवण्याचे साधन होऊ शकतो.

कोलामीबद्दल इतके बारकाईने सांगता येते याचे श्रेय मोठ्या प्रमाणात वर्ध्याला आहे. मरे एमेनो हा कॅनडात जन्मलेला भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ या काळात भारतात होता. तोडा, कोता, कोडगू या दक्षिणेतल्या भाषांबरोबर त्याने वर्धा भागातली कोलामी नोंदवून घेतली. १९५५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याचा कोलामीवरचा ग्रंथ छापला. द्रविड भाषांच्या अभ्यासात आजही वर्ध्याची कोलामी या नावानेच ती नोंद ओळखली जाते. जगातल्या भाषाशास्त्राच्या ग्रंथालयांत ही भाषा वर्ध्याच्या नावाने आहे आणि वर्ध्यातल्या शाळेत तिला जागा नाही, हे मला अतिशय दुःखाचे वाटते.

त्याच वर्षांत त्याच जिल्ह्यात दुसरी घटना घडत होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेला अभ्यास आणि मातृभाषेचे माध्यम, असे ठराव तिथे झाले. झाकीर हुसेन समितीने त्यावर आराखडा केला, पुढच्या वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला आणि आशादेवी व आर्यनायकम यांनी सेवाग्रामात नई तालीमची शाळा चालवली. भारतात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण या कल्पनेला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप मिळाले ते या जिल्ह्यात. तेव्हा मातृभाषा म्हणजे मराठी, गुजराती, तमिळ अशा प्रांतभाषा असे सगळ्यांनीच गृहीत धरले. इंग्रजीविरुद्धच्या लढ्यात ते स्वाभाविक होते. पण त्या गृहीतकात पोड बसले नाही, आणि नंतरच्या प्रत्येक धोरणाने तेच गृहीतक पुढे चालवले.

कायद्याचे शब्द मात्र उदार आहेत. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. ढेबर आयोगाने १९६१च्या सुमारास आदिवासी भाषांत पाठ्यपुस्तके करण्याची शिफारस केली. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ ‘शक्य तितपत’ मातृभाषा म्हणते. २०२०चे राष्ट्रीय धोरण पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणते, पण ‘जिथे शक्य असेल तिथे’. ‘शक्य तितपत’ या दोन शब्दांनी किती पिढ्या गेल्या! शक्य आहे का, हे वर्ध्यात कुणी पाहिले तर कळेल.

इतरत्र पाहिले गेले आहे. सर्वांत जवळचा दाखला पैनगंगेपलीकडे आदिलाबादचा. १९४०मध्ये गोंड नेते कुमराम भीम यांचा उठाव निजामाने चिरडला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३मध्ये मारलवाई इथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले आणि गोंड तरुणच शिक्षक झाले. त्याच प्रशासनातल्या पी. सेतुमाधवराव यांनी १९५०मध्ये कोलामीचे व्याकरण लिहिले. पुढे राज्य बदलले, तेलुगू आली, प्रयोग विरला. पण त्या शाळांतून तयार झालेल्या पिढीने आदिलाबादच्या आदिवासींना शिक्षक आणि पुढारी दिले. २००४मध्ये आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले, त्यांत कोलामी होती, लिपी तेलुगू. म्हणजे कोलामीत पाठ्यपुस्तक होऊ शकते का, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. ओडिशाने २००६-०७पासून दहा भाषांनी सुरुवात करून ही व्याप्ती एकवीस भाषांपर्यंत नेली. तिथल्या अजित मोहंती आणि मिनती पांडा यांच्या अभ्यासांनी दाखवले की घरच्या भाषेत सुरुवात केलेली मुले पुढे राज्यभाषेतही मागे पडत नाहीत. वर्गात बोलू लागतात, प्रश्न विचारतात. छत्तीसगडने २०२२मध्ये शाळाशाळांत जाऊन पहिलीची मुले घरी कोणती भाषा बोलतात याची मोजणी केली. माझ्या मते या यादीतले सर्वांत अनुकरणीय काम हेच. आधी मोजा.

महाराष्ट्रात या बाबतीत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरुवात करून १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे उभे केले, ते बालशिक्षणाचे सोने आहे. शाळा मुलाच्या अंगणात, गुरे चरतात त्या कुरणात नेण्याची त्यांची कल्पना आज अंगणवाडी या सर्वपरिचित शब्दात जिवंत आहे. पालघरमध्येच नीलेश निमकर आणि ‘क्वेस्ट’ या संस्थेने आदिवासी मुलांच्या सुरुवातीच्या साक्षरतेवर गंभीर काम केले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेपासून शिक्षण विभागापर्यंत अनेकांनी बोलींचे शब्दसंग्रह आणि शिक्षकांसाठी पुस्तिका काढल्या. पण शब्दसंग्रहातून शिक्षकाला ‘पाणी’ला काय म्हणतात ते कळते. मुलाने सांगितलेली गोष्ट कळत नाही.

लोकांनी स्वतः केलेले दोन प्रयत्न विदर्भातलेच आहेत. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्यात मतीन भोसले यांनी २०१२मध्ये फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली. स्वतः पारधी असलेला शिक्षक जेव्हा मुलांच्या बोलीत रागावतो आणि समजावतो, तेव्हा ती मुले टिकतात, हे तिथे दिसले. समृद्धी महामार्गात त्या शाळेचा काही भाग गेला, तरी ती शाळा चालू राहिली. वर्ध्याजवळ रोठ्याला मंगेशी मून यांनीही पारधी मुलांसाठी असेच घर उभारले आहे. दुसरा प्रयत्न गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावचा. तिथे ग्रामसभेने २०१९मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२मध्ये शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८मध्ये अशा शाळेला एक लाख रुपये आणि पुढे दररोज दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. बनावट शाळांना आळा घालण्यासाठी केलेले कलम, मातृभाषेसाठी स्वतःच्या खर्चाने शाळा उभारणाऱ्या गावावर वापरले जाते, यात काहीतरी मुळातून चुकते आहे. याच कायद्याचे कलम २९ मातृभाषेच्या बाजूने बोलते!

आता ओळखीबद्दल. या प्रश्नाचा सर्वांत कठोर भाग शाळेत नाही, नंतर अठराव्या वर्षी समोर येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचे प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जाते आणि तिथे ‘ॲफिनिटी टेस्ट’ होते. कुटुंबाच्या चालीरीती, दैवते, लग्नविधी, बोलीभाषा यांबद्दल प्रश्न विचारले जातात. २४ मार्च २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी एकमेव कसोटी मानू नये असे स्पष्ट केले, कारण शिक्षण आणि स्थलांतराने जुनी वैशिष्ट्ये पुसट होतात. न्यायालयाने म्हटले ते अगदी खरे. पण विचार करा : ज्या व्यवस्थेने सहाव्या वर्षी ‘घरचे बोलणे सोड’ म्हणून सांगितले, तीच अठराव्या वर्षी ‘तुझ्या घरी काय बोलतात’ म्हणून विचारते. वर्ध्यातल्या गोंड घरात आजीलाच गोंडी येत नसेल तर त्या मुलाने काय सांगायचे? भाषा जाणे हा मुलाचा दोष नव्हता, तरी पुरावा द्यायची वेळ त्याच्यावरच येते.

या सगळ्याला होणारे आक्षेप मी हलक्यात घेत नाही. सर्वांत मोठा आक्षेप पालकांचाच असतो. आम्हाला मराठी येत नाही म्हणून बाजारात, दवाखान्यात, कचेरीत फसवले गेलो, मुलाला तरी चांगली मराठी येऊ द्या, जमल्यास इंग्रजी. गेल्या दीड दशकात आदिवासी विकास विभाग पहिलीपासूनच मुलांना ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो, त्या योजनेला रांगा लागतात त्या या भावनेतूनच. ती भावना खोटी नाही. पण घरची भाषा आणि राज्यभाषा यांतून एकच निवडायची, असे मानण्याला संशोधनाचा आधार नाही. कॅनडातले जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की मूल दुसऱ्या भाषेत बोलण्यापुरते एक-दोन वर्षांत तयार होते, अभ्यासाची भाषा पकडायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात. पोडातले मूल दिवाळीपर्यंत मराठीत खेळू-भांडू लागते आणि शिक्षकाला वाटते, आता भाषेचा प्रश्न संपला. तिसरी-चौथीत शाब्दिक उदाहरणे आली की ते अडते, आणि तोवर त्याला ‘ढ’ हे नाव मिळालेले असते. चांगली मराठी यावी म्हणूनच सुरुवात कोलामीत हवी. पालकांना हे असेच सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप संख्येचा. एका वर्गात कोलाम मुले चार, पारधी दोन, बाकी वऱ्हाडी. मग माध्यम कोणते? मिश्र वर्गाला वेगळे माध्यम देता येत नाही, हे मान्य. पण पोडांवरच्या लहान शाळांत वर्ग एकाच भाषेचा असतो. नेमक्या याच शाळा पटसंख्येच्या नियमाने आधी बंद पडतात. २०१७मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या शाळा आणि २०२३मध्ये समूहशाळेच्या नावाखाली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा चर्चेत आल्या. कोलामी भाषिक वर्ग जिथे नैसर्गिकपणे अस्तित्वात आहे तिथेच तो मोडून मुलाला मोठ्या गावच्या शाळेत अल्पसंख्य करायचे, याचा हिशेब भाषेच्या बाजूने कुणी मांडला आहे का?

माझ्या समजुतीप्रमाणे वर्ध्यात माध्यमाचा वाद लगेच घालण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तकाची वाट पाहण्याचीही नाही. पहिली गरज माणसाची आहे : अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात मुलाचे बोलणे समजणारे एक मोठे माणूस. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली माओरी आज्यांनी ‘कोहांगा रेओ’ सुरू केले, त्यात पाच वर्षांखालच्या मुलांशी फक्त माओरीत बोलायचे एवढेच होते, आणि त्यातून पुढे शाळा उभ्या राहिल्या. वर्ध्यात कोलामी बोलणाऱ्या आज्या अजून आहेत. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मातृभाषेचा रकाना आजही आहे. तिथे सवयीने ‘मराठी’ न लिहिता पालकाला विचारून खरे उत्तर लिहिले, तर एका जूनमध्ये जिल्ह्याचा भाषिक नकाशा तयार होईल. भाषेच्या संस्थांची इथे कमतरता नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६पासून आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७पासून वर्ध्यात आहे. सेवाग्रामात २००५ला पुन्हा सुरू झालेली ‘आनंद निकेतन’ नई तालीमचा वारसा जपते आहे. एमेनोने गोळा केलेल्या कोलामी कथा देवनागरीत आणून पहिलीच्या मुलांना ऐकवणे यांतल्या कुणालाही अशक्य नाही.

पैशाचे कारणही आता पुढे करता येणार नाही. १५ नोव्हेंबर २०२३ला विशेष असुरक्षित गटांसाठी ‘पीएम-जनमन’ सुरू झाले, त्यात कोलाम आहेत आणि वस्त्यांवर अंगणवाडी बांधण्याची तरतूद आहे. घरे, रस्ते, पाणी, वीज, मोबाइल मनोरे असे त्यातले मुद्दे आहेत, भाषेचा स्वतंत्र मुद्दा नाही. पण अंगणवाडी सेविका त्याच गावची हवी, हा नियम जुनाच आहे. पोडावरच्या अंगणवाडीसाठी ‘त्याच गावची’ याचा अर्थ ‘त्या पोडाची, कोलामी बोलणारी’ असा जिल्हा परिषदेने लेखी ठरवावा आणि तिच्या हाती मराठीबरोबर कोलामी गोष्टी-गाणी शिकवण्याचे काम अधिकृतपणे द्यावे. एवढ्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.